ढालकिड्यांचा हिवाळा

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मागच्या डिसेंबरात नाताळच्या सुट्टीला माझी नात आली होती. तिसरीत आहे, पुण्याला इंग्रजी शाळेत जाते. सोबत सुट्टीचा अभ्यास होता. वहीत एक चित्र होतं. सगळीकडे बर्फ पडलाय, एका झाडाच्या सालीखाली दहाबारा लाल किडे एकमेकांना खेटून झोपलेत. खाली प्रश्न होता, लेडीबग हिवाळ्यात काय करतात? उत्तर तिला पाठच होतं. ते झोपतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला थोरल्या भावाच्या रानात घेऊन गेलो. वाळवे तालुक्यातलं आमचं गाव. रान बहुतेक उसाचं, पण एका तुकड्यात भाऊ दरवर्षी हरभरा करतो आणि त्याच्या कडेनं करडईच्या चार ओळी टाकतो. करडईच्या शेंड्यांवर काळा मावा बसला होता आणि त्या माव्यात ढालकिड्यांची अशी लगबग चालली होती की विचारू नका. कुणी मावा खातंय, कुणी अंडी घालतंय, कुणी या झाडावरून त्या झाडावर उडतंय. नात बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "नाना, हे झोपले का नाहीत?"

मी बी.ए. मराठीवाला माणूस. कविता लिहितो. प्राणिशास्त्राशी माझा संबंध कॉलेजात त्या इमारतीवरून जाण्यायेण्यापुरता. पण या एका किड्याशी माझा जुना हिशोब आहे, आणि तो थोडा शरमेचा आहे. म्हणून त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी जे वाचलं, ज्यांना कळतं त्यांना विचारलं आणि जे स्वतः पाहिलं होतं, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी नावाचं सांगतो. ढालकिडा हे शेतीच्या पुस्तिकांतलं नाव. पाठीवर ढाल उपडी ठेवल्यासारखा दिसतो म्हणून. काही पुस्तकांत त्याला चित्रांग भुंगेरा म्हटलंय. इंग्रजीत लेडीबर्ड, अमेरिकेत लेडीबग. ही लेडी कोण, याचा मला पुष्कळ दिवस पत्ता नव्हता. ती म्हणजे येशूची आई मरियम. जुन्या युरोपातल्या चित्रांत तिचा झगा लाल असायचा, आणि सात ठिपके म्हणजे तिची सात दुःखं, असं लोक मानत. जर्मन भाषेतही या किड्याचं नाव मरियमचा भुंगा असंच आहे. आमच्या घरात बीबी मरियमचं नाव अदबीनं घेतलं जातं, कुराणात तिच्या नावाची एक सूरा आहे. त्यामुळे हे कळल्यावर मला उगाचच जवळच्या नात्यातलं कुणी भेटल्यासारखं वाटलं. उर्दू शायरीत मात्र या किड्याला जागा मिळाली नाही. तिथं मान आहे तो बीरबहुटीला, म्हणजे आपल्या मृगाच्या किड्याला. तो मखमली, लालभडक, पहिल्या पावसात दिसणारा. त्याला आठ पाय, म्हणजे तो खरं तर कोळ्यांच्या गोतावळ्यातला. पण शायरांनी पाय मोजले नाहीत.

माझं आजोळ खटाव तालुक्यातलं. तिथं पाणी कमी, म्हणून रब्बीची ज्वारी मोठी. गुरं पिकात शिरू नयेत म्हणून ज्वारीच्या कडेनं काटेरी करडईचे तास घालायची तिकडे पद्धत. नाताळच्या सुट्टीत आम्ही पोरं हुरड्याला जायचो आणि काड्यापेटीत ढालकिडे भरायचो. हातात धरला की तो पाय आखडून मेल्याचं सोंग घेई आणि गुडघ्यांतून पिवळा, कडवट वासाचा थेंब सोडी. तो थेंब म्हणजे त्याचं रक्तच, हे पुढे वाचलं. पक्ष्यानं एकदा चोचीत धरून थुंकलं की पुन्हा त्या लाल रंगाच्या वाटेला जायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. नानी ओरडायची, "छोड रे उसकू, गरीब है वो." तिला किड्यांचं शास्त्र ठाऊक नव्हतं. पण ज्या करडईवर हे किडे असतात तिथला चिकटा हटतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता नातीच्या पुस्तकातली झोप. ती खोटी नाही. ती फक्त दुसऱ्या मुलखातली आहे.

युरोपात, अमेरिकेच्या उत्तर भागात, आपल्याकडे काश्मीर-हिमाचलात हिवाळा म्हणजे उपासमार. झाडाची पानं गळतात, मावा नाहीसा होतो. ढालकिड्याला ही वेळ येण्याच्या आधीच खबर लागते, कारण दिवस लहान होऊ लागतो. मग तो खाल्लेलं अंड्यांकडे न वळवता चरबीत साठवतो. मादीची अंडी धरण्याची क्रिया थांबते. शास्त्रज्ञ या अवस्थेला डायापॉज म्हणतात, आपण सुप्तावस्था म्हणू. झोप हा शब्द तसा अपुरा आहे. झोपलेला माणूस हलवला की उठतो. सुप्तावस्थेतला जीव ऊब मिळाली तर चार पावलं चालेल, पण त्याचा प्रपंच लगेच सुरू होत नाही. शरीरातली घड्याळंच थांबवून ठेवलेली असतात.

थंडीत जाण्यापूर्वी तो पोट रिकामं करतो, आणि याला कारण आहे. पोटातल्या अन्नाच्या कणांभोवती बर्फ लवकर धरतं. कण नसले तर शरीरातलं पाणी शून्याखाली कित्येक अंश गेलं तरी गोठत नाही. मग तो फटी शोधतो, सालीखाली, दगडाखाली, गवताच्या बुडख्यात. एकटा राहत नाही. एकाचा वास दुसऱ्याला बोलावतो आणि शेकडोंचा, कधी हजारोंचा ढीग जमतो. हिमालयातल्या किड्यांचा अभ्यास करण्यात ज्यांनी आयुष्य घालवलं त्या डॉ. एम. एस. मणी यांनी वायव्य हिमालयाच्या उंच रांगांत ढालकिड्यांचे असे प्रचंड मेळावे असल्याचं लिहून ठेवलंय. वसंत आला की त्या गर्दीतच जोड्या जमतात आणि सगळे खाली पिकांकडे उडतात.

कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरातली गोष्ट याहून गमतीची. तिथले ढालकिडे उन्हाळ्याच्या सुरुवातीला खालच्या खोऱ्यांतून डोंगरात उडून जातात आणि पुढच्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत तिथंच राहतात. म्हणजे उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही एकाच मुक्कामात. दरवर्षी त्याच त्या जागी येतात. आणि येणारे मागच्या वर्षीचे नसतात, पुढची पिढी असते. बापाचं घर न बघता पोरगं बरोबर त्याच दाराशी येऊन उभं राहतं.

या ढिगांवर माणसाची नजर न जाती तरच नवल. १९१० च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या सरकारी माणसांनी हे झोपलेले किडे फावड्यानं गोळा केले, गोण्यांत भरले, खेचरांच्या पाठीवरून खाली आणले, वसंतापर्यंत थंड कोठारात ठेवले आणि इंपीरियल व्हॅलीतल्या खरबुजाच्या शेतकऱ्यांना वाटले. टनांनी वाटले. शेतकरी खूश. पण थोड्याच वर्षांत लक्षात आलं की सोडलेले किडे मावा खायच्या आधी उडून जातात. डोंगरातून उठलेल्या किड्याच्या अंगात आधी लांबची भरारी असते, साठवलेली चरबी संपते, त्यानंतर भूक लागते. माणसानं त्याला मधेच उचलून जेवणाच्या पंगतीत बसवलं, तर तो पानावरून उठून गेला. केनेथ हेगन या शास्त्रज्ञानं १९६२ मध्ये ढालकिड्यांच्या जीवनक्रमावरचं सगळं काम एकत्र मांडलं, तेव्हा हे कोडं पुष्कळसं सुटलं. तरीही तिकडे आजसुद्धा बागेसाठी असे डोंगरातून गोळा केलेले ढालकिडे विकत मिळतात.

उलट १८८८ सालची गोष्ट घ्या. त्याच कॅलिफोर्नियात संत्र्याच्या बागा एका ऑस्ट्रेलियन खवले किडीनं बसवल्या होत्या. सरकारी कीटकशास्त्रज्ञ रायली यांनी अल्बर्ट कोबेले या आपल्या सहकाऱ्याला ऑस्ट्रेलियाला पाठवलं. परदेश प्रवासाला पैसे मंजूर नव्हते, म्हणून मेलबर्नच्या प्रदर्शनाला जाणाऱ्या शिष्टमंडळात त्याचं नाव घुसवलं. कोबेलेनं ॲडलेडला त्या किडीवर जगणारा एक छोटा लाल ढालकिडा शोधला आणि बोटीच्या बर्फखोलीत ठेवून धाडला. म्हणजे समुद्र ओलांडण्यापुरता त्या किड्यांना माणसानं बनवलेला हिवाळा दिला. पहिल्या तीन खेपांत पोचले १२९ किडे. ते लॉस एंजेलिसच्या एका बागेत, तंबू घातलेल्या संत्र्याच्या झाडावर सोडले. वर्षभरात बागा वाचल्या. बागायतदारांनी कोबेलेला सोन्याचं घड्याळ दिलं आणि त्याच्या बायकोला हिऱ्याची कर्णफुलं.

या यशानं जगभर ढालकिडे मागवण्याची लाट आली. तिचा एक शिंतोडा आपल्याकडेही उडाला. १८९८ मध्ये कॉफीच्या मळ्यांतल्या हिरव्या खवल्यासाठी ऑस्ट्रेलियातूनच दुसरा एक ढालकिडा भारतात आणला. नाव क्रिप्टोलीमस. कॉफीवरच्या त्या किडीचं त्यानं काही वाकडं केलं नाही. पण तो दक्षिणेत टिकून राहिला आणि पिठ्या ढेकणावर, म्हणजे ज्याला आपले द्राक्षवाले मिलीबग म्हणतात त्याच्यावर, हात साफ करू लागला. तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागांत पुढे त्याच कामासाठी क्रिप्टोलीमस सोडले जाऊ लागले. ते प्रयोगशाळेत लाल भोपळ्यावर वाढवतात. भोपळ्याला मिलीबग लावायचा, मिलीबगावर हे किडे पोसायचे. हाच किडा कॅलिफोर्नियात नेला होता, पण समुद्रकाठचा भाग सोडला तर तिथल्या हिवाळ्यात तो तग धरेना. दरवर्षी नव्यानं वाढवून सोडावा लागे. कारण गरम मुलखातल्या त्या जीवाला झोपण्याची कला येत नव्हती.

या क्रिप्टोलीमसची अळी अंगावर पांढरी मेणाची झालर घेऊन फिरते, हुबेहूब मिलीबगासारखी. कितीतरी शेतकऱ्यांनी पैसे देऊन किडे सोडले आणि पंधरा दिवसांनी त्यांचीच पोरं मिलीबग समजून चिरडली. मला हे ठाऊक आहे, कारण त्यातले काही जण माझ्याकडे औषध मागायला आले होते.

तर आता माझ्या हिशोबाकडे येतो.

बी.ए. झाल्यावर नोकरी मिळेना, तेव्हा मी तालुक्याच्या गावी एका कृषी सेवा केंद्रात काउंटरला लागलो. बारा वर्षं तिथं होतो. पावत्यांच्या पाठीवर कविता लिहिल्या आणि पावत्यांच्या पोटात औषधांची नावं. २००२ च्या जुलैत सांगली जिल्ह्यात उसावर एक नवी कीड दिसली. पानाच्या मागच्या बाजूला पांढरी, कापूस पिंजून चिकटवल्यासारखी. लोकरी मावा. जावा बेटावरच्या उसावर ही कीड १८९७ मध्येच शास्त्राला ठाऊक झाली होती, आपल्या देशात ती १९५८ साली पश्चिम बंगालमध्ये नोंदली गेली होती. पण पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यानं ती जन्मात पाहिली नव्हती. बघता बघता ती सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूरकडे आणि खाली बेळगावकडे पसरली.

ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना वेगळं सांगायला नको. उसाच्या फडात शिरलं की खाली पाचटावर पांढरा थर. पीठ सांडावं तसा. वरच्या पानांवर चिकट रस, त्यावर काजळी धरलेली, हिरवा ऊस काळा पडलेला. माव्यात सगळ्या माद्याच, आणि त्या अंडी न घालता थेट पिल्लंच देतात, त्यातही बहुतेक मुलीच. नराची गरज नाही, लग्नाची खोटी नाही. त्यामुळे एकाचे शंभर व्हायला वेळ लागत नाही. माझे भाऊ म्हणाले होते, काश्मीर बघायचं राहिलं होतं, ते रानातच आलं.

दुकानात रांग लागली. जो तो औषध मागत होता आणि मी देत होतो. कुठलं, किती, कधी, हे मला काय कळत होतं? कंपनीच्या कागदावर लिहिलेलं वाचून दाखवायचो. त्यातून आठ-दहा महिन्यांच्या उसात फवारणी करायची म्हणजे काय, हे शेतकऱ्यालाच माहीत. डोक्याच्या वर गेलेलं पीक, आत वाट नाही, हवा नाही. पाठीवर पंप घेऊन माणूस घुसतो आणि वर मारलेलं औषध निम्मं त्याच्याच अंगावर येतं. २००३ च्या पावसाळ्यानंतर माझे भाऊ असेच फवारून आले आणि अंगणात कोसळले. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या. तीन रात्री दवाखान्यात काढल्या. वाचले, अल्लाची मेहेरबानी. बाटली मीच दिली होती. पावतीवर सही माझी होती.

भाऊ घरी आले ते पंपाला हात न लावण्याची शपथ घेऊनच. त्यामागे शास्त्र नव्हतं, भीती होती. आमचा फड तसाच सोडला. शेजारी हसले. मी रोज संध्याकाळी जाऊन बघायचो. पहिल्यांदा ढालकिडे दिसले. मला वाटलं, नानीचे गरीब आले धावून. चार लोकांना सांगितलंसुद्धा. पण नीट पाहिल्यावर दिसलं की माव्याच्या थरात कुणीतरी बारीक जाळी विणलीय आणि त्या जाळीत लपून एक हिरवट-तपकिरी अळी मावा फस्त करतेय. ती एका छोट्या पतंगाची अळी, डायफा. काही पुस्तिकांत तिचं नाव कोनोबाथ्रा. दुसरा होता मायक्रोमस, तपकिरी जाळीदार पंखांचा. तज्ज्ञांच्या हिशोबात लोकरी मावा आटोक्यात आणण्याचं मोठं श्रेय या दोघांचं ठरलं, ढालकिड्यांचा वाटा लहान. पुढे कारखान्यांनी आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनं शेडनेटमध्ये डायफाच्या अळ्या वाढवून वाटल्या. हेक्टरी हजार डायफा किंवा अडीच हजार मायक्रोमस, अशी शिफारस होती. आणि अट एकच की त्या फडात फवारणी करायची नाही. दोन-तीन वर्षांत मावा एवढा खाली आला की आज नव्या पोरांना तो शब्दही ठाऊक नसतो.

म्हणजे ज्याला मी वीर समजत होतो तो या लढाईत साधा शिपाईच होता. कवीच्या जातीला हे पचायला थोडं जड जातं. पण त्या निमित्तानं मी ढालकिड्यांकडे बघायला लागलो, आणि नातीच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

आपल्याकडे हिवाळा हा ढालकिड्यांचा सुगीचा काळ आहे. सांगलीचा पारा दहाच्या खाली क्वचित जातो. पाऊस संपला, ऊन कोवळं झालं की करडई, ज्वारी, हरभरा, मका, भाजीपाला सगळं रानात उभं असतं, आणि थंड कोरड्या हवेत मावा जोर धरतो. करडईवरचा मावा डिसेंबर-जानेवारीतच शिगेला जातो. मग ढालकिड्यानं झोपायचं कशासाठी? आपल्या रानात जास्त दिसतो तो पाठीवर काळी नागमोडी नक्षी असलेला. उत्तरेतला सातठिपक्या आपल्याकडे त्यामानानं कमी. या नागमोडीवाल्याला सक्तीची सुप्तावस्थाच नाही. खायला मिळालं तर तो बाराही महिने संसार करतो. मादी पिवळी, उभी अंडी झुबक्यानं घालते. दोन-तीन दिवसांत त्यातून काळी, खवलेदार, छोट्या सुसरीसारखी दिसणारी अळी निघते. तीन आठवड्यांच्या आतबाहेर नवा किडा तयार. त्या अळीला बघून बहुतेक शेतकरी कीडच समजतात. मीही समजत होतो. बारा वर्षांत किती जणांना मी त्या अळीवर औषध दिलं असेल, देव जाणे.

कडाक्याची थंडी आपल्याकडे नाहीच असं नाही. साताऱ्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या बाजूला एखाद्या पहाटे दव गोठतं, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो, वर्तमानपत्रांत फोटो येतो. पण ऊन चढलं की बर्फ जातं. थंड रक्ताचा जीव तेवढा वेळ पानाखाली गप बसून राहतो आणि ऊब आली की कामाला लागतो. याला हिवाळा काढणं म्हणत नाहीत, सकाळ काढणं म्हणतात.

आपल्या ढालकिड्याचा खरा हिवाळा येतो तो फेब्रुवारीच्या शेवटी. करडई वाळते, ज्वारी काढली जाते, हरभरा उपटला जातो. मावा संपतो. ऊन वाढत जातं. खटाव, माण, आटपाडी, जत, या सगळ्या पट्ट्यात तेव्हा हिरवं म्हणून काही राहत नाही. त्याला आता खायला नाही आणि लपायला नाही. तो परागावर, पानांवरच्या गोड चिकट रसावर भागवतो. मादी अंडी घालणं कमी करते, पोटातली अंडी जिरवूनही टाकते. फारच आबाळ झाली तर हे किडे आपल्याच जातीची अंडी खातात. गोष्ट कटू आहे, पण दुष्काळात माणसानं काय काय केलं हे ज्यांनी ऐकलंय ते त्यांना नावं ठेवणार नाहीत. ज्यांना जमतं ते पाण्याच्या बाजूला सरकतात. कृष्णाकाठचा ऊस, लसूणघास, विहिरीकडेचा मका. तिथं पाचटाखाली, वाळक्या पानाच्या देठाशी, बांधाच्या गवताच्या बुडख्यात सावली आणि ओल असते. युरोपातला किडा सालीखाली बर्फ टाळतो, आपला बांधाच्या गवतात ऊन टाळतो.

आणि बरोबर याच दिवसांत आपण काय करतो? ऊस तुटून जातो आणि पाचट पेटवतो. बांध पेटवतो. रान स्वच्छ दिसलं पाहिजे. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत संध्याकाळी सांगली-इस्लामपूरच्या रस्त्यानं या, दोन्ही बाजूला जाळ दिसतील. फवारणीत जे वाचले ते इथं जातात. मग पुढच्या हंगामात पिकावर आधी कोण येणार? मावा. त्याला नर लागत नाही, जोडी लागत नाही, तो वाऱ्यावर येतो आणि आठवडाभरात घर भरतो. ढालकिडा मागून येतो, आणि मागे कुणी उरलाच नसेल तर येत नाही. शेतकरी दुकानात जातो. मी काउंटरला उभा असतो.

फलटण तालुक्यातलं पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ पासूनचं. तिथले लोक आणि कृषी विद्यापीठं पाचट जाळू नका, खोडव्यात तसंच राहू द्या, म्हणून वर्षानुवर्षं सांगतायत. ते सांगतात ते जमिनीच्या कसासाठी आणि ओलाव्यासाठी. आमच्या भावानं जाळायचं बंद केलं तेही त्याच कारणानं. किड्यांसाठी नव्हे. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी पाचटात उंदीर झाले आणि सरीला पाणी पोचायला उशीर लागला, म्हणून घरात भांडणही झालं. आजही शेजारचे तीन बांध जळतात आणि आमचा एक राहतो.

यंदा मे महिन्यात नात पुन्हा आली. वहीचं काय झालं म्हणून विचारलं. डिसेंबरात तिनं उत्तराखाली मराठीत एक ओळ वाढवली होती, 'आमच्या गावाला ते हिवाळ्यात जेवतात.' बाईंनी त्या ओळीखाली लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

संध्याकाळी आम्ही खोडव्यात गेलो. बुडातल्या एका उसाचं वाळकं पान मी हलक्या हातानं सोडवलं. आत देठाच्या खोबणीत तीन ढालकिडे होते, नागमोडी नक्षीचे, पाय आखडून बसलेले. उजेड लागल्यावर एक जण हळू चालत पलीकडच्या पानाआड गेला. नातीनं विचारलं, "आता झोपलेत?" मी म्हणालो, झोपले नाहीत, ऊन जाण्याची वाट बघतायत. तेवढ्यात भावानं विहिरीवरून हाक मारली, लाइट जायच्या आत बारं बदलायचं होतं. मी पान होतं तसं लावून ठेवलं आणि आम्ही पाटाकडे गेलो.